पारोळा-जळगाव रोजचं अपडाऊन : डिझेल घ्यावी की इलेक्ट्रिक?

पारोळेकर :

राम राम मंडळी.

मी पारोळ्याला राहतो, नोकरी जळगावात, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. जाऊन-येऊन ११० किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे भुसावळ-पाचोऱ्याच्या लोकांसारखा पास काढून मोकळं होता येत नाही. आजवर गावातल्याच दोन सरांच्या गाडीत पैसे वाटून घेऊन जात होतो. एका सरांची बदली झाली, दुसरे जूनमध्ये निवृत्त होताहेत. एसटीनं गेलं तर सकाळी सातचं सॅम्पल कलेक्शन गाठणं होत नाही. आणि मे महिन्यात भर दुपारी मोटारसायकलवर बांभोरीला गिरणेच्या पुलावर ट्रकांच्या मधे अडकणं काय असतं, ते इथल्या माणसांना सांगायला नको.

तेव्हा गाडी घ्यायची, हे घरात ठरलं आहे. ऑन-रोड अकरा लाखांच्या आत बसली पाहिजे. चार लाख हाताशी आहेत, बाकीचं पाच वर्षांचं कर्ज. दोन गाड्या बघून आलो. एक टाटा अल्ट्रोझ डिझेल आणि दुसरी टियागो ईव्ही, मोठ्या म्हणजे २४ किलोवॅट-अवर बॅटरीची. मारुतीनं २०२० साली डिझेल बंद केलं, ह्युंदाईच्या आय-२० मधूनही डिझेल गेलं. हॅचबॅकमध्ये डिझेल म्हटलं तर नव्यात अल्ट्रोझ एवढीच उरली आहे. एसयूव्ही बजेटच्या बाहेर जाते आणि मला एकट्याला रोज तेवढी मोठी गाडी नकोही आहे.

माझा हिशोब असा. महिन्याचं रनिंग २७०० किलोमीटरच्या आसपास. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज २० धरलं तर बारा हजारांच्या वर जातात. शोरूमवाला म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, रुपयाला किलोमीटर पडेल, म्हणजे २७०० रुपयांत महिना. फरक एवढा मोठा दिसतो की त्यावर पटकन विश्वास बसत नाही, म्हणून इथं विचारतोय.

आता अडचणी. आमचं घर जुन्या गल्लीत आहे, गाडी दारापर्यंत येत नाही. घरापासून थोड्या अंतरावर आमचं खळं आहे, पत्र्याचं शेड आणि दगडी कंपाउंड. गाडी तिथंच लागेल. खळ्यात वीज नाही. शेजारी वडिलांच्या विहिरीवर मोटारीचं कनेक्शन आहे, तिथून वायर ओढता येईल असं एक जण म्हणाला. दिवाळीनंतर वेचलेला कापूसही त्याच शेडमध्ये पडलेला असतो.

दुसरी काळजी उन्हाची. आपल्याकडे ४५ पर्यंत पारा जातो, गाडी लॅबच्या बाहेर दिवसभर उघड्यावर उभी राहणार. बॅटरीचं काय होतं? तिसरी गोष्ट, वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाइट कधी रात्रभर येत नाही. सकाळी साडेपाचला निघायचं असतं. वडिलांचा तर एकच प्रश्न आहे, "रस्तामा बंद पडनी तं कोण ढकली?"

वर्षातून एखाद-दोनदा सप्तशृंगीला आणि पुण्याला बहिणीकडे जाणं होतं. बाकी सगळं अपडाऊनच. ज्यांनी स्वतः गाडी चालवली आहे त्यांनी सांगावं. यूट्यूबवरचं पुष्कळ बघून झालं.


धुळे-शिरपूर :

भाऊ, माझ्याकडे अल्ट्रोझ डिझेल आहे आणि धुळे-शिरपूर रोजचं आहे, म्हणजे तुमच्याइतकंच अंतर, तसाच हायवे. ८० च्या स्पीडला एसी लावून मला २० ते २१ मिळतं, थंडीत २२ ला टेकतं. कंपनीच्या कागदावर २३ च्या पुढचा आकडा आहे, तो रोजच्या वापरात धरू नका. तुमचा २० चा अंदाज बरोबर आहे.

डिझेलबद्दल लोक डीपीएफची भीती घालतात, तर ते नीट समजून घ्या. बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. तो भरत आला की गाडी ती काजळी आतल्या आत जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापलेलं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात लागते. जो माणूस धुळ्यातल्या धुळ्यात चार किलोमीटर जातो, मुलांना शाळेत सोडतो आणि परत येतो, त्याचा फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, मग वर्कशॉपच्या फेऱ्या. तुमचं सलग पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं रनिंग आहे. तुम्हाला हा त्रास होण्याचं कारण नाही. मला आजपर्यंत झालेला नाही.

खर्चात दोन गोष्टी धरा. आपल्या राज्यात १० लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के आहे. गाडी ९ लाखांची असेल तर १ लाख १७ हजार नुसता टॅक्स. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. म्हणून शोरूम किमतीत जो फरक दिसतो तो ऑन-रोडला बराच कमी होतो, कोटेशन दोन्हींचं ऑन-रोडच मागा. दुसरं म्हणजे सर्व्हिसिंग. तुमच्या रनिंगला वर्षातून दोनदा ऑइल, फिल्टर, सगळं येणार. मी वर्षाला पंधरा हजार बाजूला ठेवतो.

दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते असं कुणी सांगितलं तर तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडे पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन असतं आणि पुढे रिन्यू होतं.

मी डिझेलच्या बाजूनं का आहे ते सांगतो. माझे आई-वडील आजारी असतात. रात्री दोनला नाशिकला न्यायची वेळ आली आहे. त्या वेळी टाकीत किती आहे हा विचार माझ्या मनात नसतो, पंपावर पाच मिनिटांत काम होतं. ज्याच्या घरात अशी वेळ येऊ शकते आणि दुसरी गाडी नाही, त्यानं हे पहिल्यांदा बघावं. तुमच्या घरी तसं नसेल तर मग पैशाचा हिशोब करा.


तापीपलीकडची शाळा :

नमस्कार. मी जळगावला राहते आणि यावल तालुक्यातल्या शाळेत शिकवते. भुसावळमार्गे रोजचे ८५ किलोमीटर, आणि गाडी तीच, टियागो ईव्ही २४ ची. दोन उन्हाळे काढले आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

भाऊ, "रुपयाला किलोमीटर" हा आकडा कुठल्या घरात खरा ठरतो, ते आधी बघू. त्यासाठी गाडीचं ब्रोशर बाजूला ठेवा आणि तुमचं महावितरणचं बिल हातात घ्या. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे आहेत, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, ५०० च्या वर चौथा. प्रत्येक टप्प्याला दर असा चढतो की खालच्या आणि वरच्या युनिटमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. गाडीचे युनिट नेहमी तुमच्या घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणजे ते महागड्या टप्प्यातच मोजले जातात. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

तुमचंच उदाहरण घेते. भिंतीतल्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटला माझी गाडी सात किलोमीटर जाते. गाडीच्या स्क्रीनवर आठ-साडेआठ दिसतं, पण चार्जिंग होताना थोडी वीज वाया जाते आणि बिल मीटरचं येतं, स्क्रीनचं नाही. २७०० किलोमीटरला साधारण ३८५ युनिट लागतील. तुमच्या घरात पंखे, फ्रिज, कूलर मिळून १४० युनिट जात असतील असं धरू. म्हणजे मीटर ५२५ वर जाणार. २०२४-२५ च्या दरानं, वहन आकार (वीज पोचवण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून १०१ ते ३०० मधला युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडायचा, त्याच्या वरचा अठराच्या आसपास, आणि ५०० च्या पुढचा वीसला टेकायचा. करा बेरीज. गाडीचे म्हणून सहा हजारांच्या वर जातात. किलोमीटरला सव्वादोन रुपये.

हे डिझेलच्या निम्मंच आहे, म्हणून वाईट नाही. पण तुम्हाला सांगितलेल्या २७०० च्या दुपटीहून जास्त आहे. पहिल्या महिन्यात असं बिल आलं की माणूस गाडीला दोष देतो. दोष गाडीचा नसतो, टप्प्याचा असतो.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक, गाडीसाठी वेगळा मीटर. इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे आणि तिला हे घरगुती टप्पे लागत नाहीत, पहिला युनिट आणि तीनशेवा युनिट एकाच दरानं. स्थिर आकार वगैरे धरून दहा रुपये युनिट धरा, म्हणजे तुमचा महिना ३८५० ला बसतो. डिझेलशी फरक महिन्याला आठ हजारांच्या वर, वर्षाला एक लाख. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हा आकडा फार मोठा आहे.

दुसरा रस्ता गच्चीवरचं सोलर. मी तोच घेतला, कारण आमची गच्ची मोकळी आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं आणि त्याच्या वर कितीही किलोवॅट बसवले तरी अनुदान तेवढंच राहतं. आपल्या खानदेशात ऊन ही एकच गोष्ट अशी आहे की जिची कधी टंचाई होत नाही. ३ किलोवॅटचं माझं पॅनेल फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्याला साडेतीनशेच्या पुढे युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये कमी. नेट मीटर असल्यानं दिवसा दिलेले युनिट रात्री गाडीला वापरता येतात. पॅनेलवरची धूळ मात्र आठवड्याला धुवावी लागते, आमच्याकडे रस्त्याची माती उडते. तुमच्या घराला गच्ची आहे की धाबं, ते तुम्ही लिहिलं नाही. खळ्याच्या पत्र्यावरही बसतं, पण ज्या कनेक्शनवर वापर आहे त्याच कनेक्शनला सोलर जोडलं जातं, हे लक्षात ठेवा.

आता ऊन. या गाडीत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या सेल आहेत आणि बॅटरीला पाण्यासारख्या द्रवानं थंड ठेवायची सोय आहे. बॅटरीसाठी ही दोन्ही चांगली लक्षणं आहेत. दुसऱ्या एका स्वस्त इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी नुसत्या हवेवर थंड होते, ती मी आपल्या हवेसाठी मुद्दाम घेतली नाही. मे महिन्यात माझी रेंज किती कमी होते? एरवी एका चार्जमध्ये २०० पर्यंत सहज जाते, मे मध्ये एसी पूर्ण जोरात ठेवून १७०. गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीनं ३१५ सांगितली होती, ती चाचणीतली रेंज आहे, तिच्यावर आपलं अपडाऊन आखू नका. तुमच्या ११० ला भर उन्हाळ्यातही तीस-पस्तीस टक्के चार्ज शिल्लक राहून तुम्ही घरी पोचाल. पण १०० च्या वर पळवलीत तर हे गणित मोडतं. वेग वाढला की इलेक्ट्रिक गाडी फार खाते, डिझेलला तेवढा फरक पडत नाही. मी ७५-८० ला ठेवते.

शाळेत गाडी लिंबाखाली लावते. सावली दुपारी सरकते, तेव्हा मधल्या सुट्टीत जाऊन गाडीही सरकवते. घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावत नाही. उन्हातून ४० किलोमीटर आलेली बॅटरी आधीच तापलेली असते, म्हणून जेवणं आटोपल्यावर, रात्री दहानंतर लावते. पहाटेपर्यंत काम होतं. तुम्हाला रोज पाच तासांच्या आसपास चार्जिंग लागेल, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर. सकाळी निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच एसी सुरू करून गाडी थंड करून घेते, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही.

लाइट जाण्याबद्दल. गेल्या वर्षी वळवाच्या वादळात आमच्या भागातले खांब पडले, रात्रभर अंधार. गाडीत ४८ टक्के होतं. तेवढ्यात शाळेत जाऊन आले, आणि संध्याकाळी जळगावात सार्वजनिक डीसी (जलद) चार्जरवर अर्धा तास लावून घेतली. तिथं युनिट वीस-बावीस रुपयांना पडतो, रोज परवडणार नाही, अडीअडचणीला चालतो. माझा नियम एवढाच आहे की पन्नास टक्के आहे म्हणून "उद्या लावू" म्हणायचं नाही. रोज लावायची. विशेषतः मे-जूनमध्ये आकाशात ढग दिसले तर संध्याकाळीच लावते, तेव्हा दहाची वाट बघत नाही. वडिलांना सांगा, ढकलायची वेळ एका दिवसाच्या लाइट जाण्यानं येत नाही. उरलेल्या चार्जवर तुम्ही जळगावला पोचाल, पण परत येण्याआधी मात्र तुम्हाला तिथल्या चार्जरवर थांबावं लागेल.

बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते. सगळे ८ वर्षं ऐकतात. तुमचं रनिंग वर्षाला ३२ हजारांच्या वर आहे, म्हणजे तुमची वॉरंटी पाच वर्षांत संपणार. कर्जही तेव्हाच संपेल. त्यानंतर बॅटरी बंद पडते असं नाही, रेंज हळूहळू कमी होत जाते, आणि १४० किलोमीटरची रेंज उरली तरी तुमचं अपडाऊन होतं. पण पाच वर्षांनी विकायला काढली तर किंमत किती येईल यावर मी पैज लावणार नाही. तुम्ही पाच वर्षांत जे पाच लाख वाचवाल, त्यातले काही या कामासाठी बाजूला राहिले पाहिजेत. हे मी माझ्या भावालाही असंच सांगितलं.

लांबच्या प्रवासाचं थोडक्यात. धुळे-नाशिक हायवेला हॉटेलांच्या आवारात डीसी चार्जर आहेत, या गाडीला १० ते ८० टक्के व्हायला तासभर लागतो. निघायच्या आधी ॲपवर चार्जर चालू आहे का ते बघायचं, आणि एकावर विसंबायचं नाही, कारण मला एकदा बंद मिळाला आहे. पुण्याला मी या गाडीनं जात नाही, ट्रॅव्हल्सनं जाते.


अर्थिंग_पक्कं :

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, अमळनेर. मॅडमनी हिशोब चोख सांगितला. मी फक्त खळ्याबद्दल बोलतो, कारण पारोळेकर दादांच्या प्रश्नात माझ्या मते तीच मुख्य गोष्ट आहे.

विहिरीच्या मोटारीवरून वायर अजिबात ओढू नका. शेतीपंपाची वीज सवलतीची असते, ती दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून आकारणी होते, तीही दुप्पट दरानं. शिवाय शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) ठरावीक तासच लाइट असते आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज आपटतं. गावठाणचा फिडर वेगळा, त्यावरच कनेक्शन घ्या.

खळं तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर तिथं ईव्ही चार्जिंगचं नवीन कनेक्शन मागता येतं. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती झाली आहे, ग्राहकानं मागितलं तर गाडीसाठी वेगळं कनेक्शन द्यायचं. त्याच नियमांत नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी मुदत आहे. खांब जवळ असेल तर. नवीन खांब टाकावा लागणार असेल तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात, म्हणून गाडी बुक करण्याआधी खांबापासून शेडपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. मंजूर भार ५ किलोवॅट मागा. पुष्कळ घरांना अजून एक किलोवॅटच मंजूर असतो आणि चार्जर एकटा ३.३ किलोवॅट ओढतो.

वायर तांब्याची ४ स्क्वेअर एमएम, मीटरपासून थेट सॉकेटपर्यंत, मधे जोड नाही. २० अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी), आणि सॉकेट इंडस्ट्रियल. चार्जर सलग पाच तास चौदा अँपिअर ओढतो. मिक्सर-इस्त्रीच्या सॉकेटला ही सवय नसते. मी वितळलेले एक्स्टेंशन बोर्ड काढले आहेत, आतलं पितळ काळं पडून प्लास्टिकला चिकटलेलं.

आता अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुकली, आकसली की जमिनीशी संपर्कच राहत नाही. घरात बल्ब लागतो, पंखा फिरतो, कुणाला काही कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नीट नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. मे महिन्यात मला "चार्जर बिघडला" म्हणून फोन येतात. मी मीटर लावतो, न्यूट्रल-अर्थमध्ये पंधरा-वीस व्होल्ट दिसतात. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो, थोडा वेळ थांबतो, आकडा उतरत उतरत दोनच्या आत येतो आणि चार्जर हिरवा होतो. गाडीला काहीच झालेलं नसतं.

म्हणून खड्डा आठ-नऊ फूट खोल घ्या, कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल भरा, वरून पाणी सोडायला पाइप ठेवा, आणि होळीनंतर पहिला पाऊस येईपर्यंत आठवड्याला पाणी घाला. रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आणून कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या.

आणि कापूस. चार्जिंग पॉइंट आणि कापूस एका पत्र्याखाली नको. कापसाला ठिणगी पुरते, मग ती वायरची असो की बिडीची. पॉइंट कंपाउंडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं घ्या, वर छोटी पत्र्याची ओसरी काढा, गाडी मोकळ्यावर लावा.


केळीबाग :

मधेच विचारतो, सीएनजी का नको? टाटाची टियागो सीएनजी स्वस्त पडते.


पारोळेकर :

सीएनजीचा विचार केला होता. पण माझ्या वेळेला पंपावरची रांग परवडत नाही आणि सकाळी साडेपाचला तर नाहीच नाही. शिवाय वडिलांची कापसाची पोतीही कधी डिकीत टाकावी लागतात.

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, आभार कसे मानू. आज दोन कामं केली. घरचं बिल काढून बघितलं, उन्हाळ्यात १६०, हिवाळ्यात १०५. म्हणजे मॅडमनी धरलेला आकडा जवळपास तोच. खळ्याचं अंतरही मोजलं. रस्त्याच्या कडेचा गावठाणचा खांब शेडपासून ९० फुटांवर आहे. खळं वडिलांच्या नावावर आहे, नगरपालिकेची घरपट्टीची पावती सापडली. विहिरीवरून वायर ओढायचा विषय संपला.

धुळेकर भाऊंचं म्हणणंही डोक्यात आहे. वडील सध्या ठणठणीत आहेत, आणि चुलतभावाची बोलेरो दोन घरं सोडून उभी असते, रात्री-अपरात्री तो नाही म्हणत नाही. तेव्हा ती बाजू भागते.

एक शंका उरली. कनेक्शन वडिलांच्या नावावर आणि गाडी माझ्या नावावर, हे चालेल का? आणि आधी कनेक्शन घ्यावं की आधी गाडी?


अर्थिंग_पक्कं :

कनेक्शन जागेच्या मालकाच्या नावावर होतं, त्यामुळे वडिलांचा अर्ज, वडिलांची पावती. गाडी तुमच्या नावावर असायला हरकत नाही. ९० फूट म्हणजे सर्व्हिस वायर पोचते, नवीन खांबाची गरज पडू नये. आधी अर्ज करा, मीटर बसू द्या, अर्थिंग तपासा, मगच गाडीचं बुकिंग. मीटर नसताना गाडी दारात आली की लोक घाईघाईत घरातून खिडकीवाटे वायर काढतात. एवढ्या लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि जोड तापतात.


धुळे-शिरपूर :

भाऊची बोलेरो असेल तर मीही इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. वर्षाला लाख वाचत असतील तर डिझेलचा आग्रह मी धरणार नाही.


तापीपलीकडची शाळा :

बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन-तीनला मागा, सकाळी नाही. शोरूमच्या गल्लीत फिरवून आणतात, त्यावर भागवू नका. जळगाव ते एरंडोल आणि परत, एसी लावून, ८० च्या आत. निघताना आणि आल्यावर चार्ज किती टक्के आहे ते कागदावर लिहा. साठ किलोमीटरला पस्तीस टक्क्यांच्या आत खर्च झालं तर तुमचं रोजचं येणं-जाणं बिनघोर होईल. चाळीसच्या वर गेलं तर इथं लिहा, मग टायरची हवा, वेग, कुठं गडबड आहे ते बघू.